माळ्यावरचं चर्च

मंडळी, डच लोकांच्या धर्माबद्दल बोलायचं तर आधी तुम्हाला अ‍ॅमस्टरडॅमच्या एका माळ्यावर न्यावं लागेल. कालव्याकाठचं जुनं घर, बाहेरून शेजारच्या घरांसारखंच. अरुंद जिन्याने वर गेलं की समोर आख्खं चर्च! वेदी, सज्जे, सगळं. यान हार्टमन नावाच्या कॅथलिक व्यापाऱ्याने ते १६६३ मध्ये उभं केलं. श्रद्धेपायी कुणाचा छळ करायचा नाही, असं डच प्रांतांनी आपसात केलेल्या उट्रेख्तच्या करारात १५७९ लाच लिहिलेलं होतं. तरी प्रॉटेस्टंटांच्या त्या राज्यात कॅथलिकांना उघडपणे मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, करायला बंदी होती. मनात काहीही माना, रस्त्यावर दिसू देऊ नका, असा तो समझोता. अधिकाऱ्यांना हे माळे माहीत होते. ते काणाडोळा करत.

पुढे बंदी गेली, पण वेगवेगळं राहायची सवय गेली नाही. विसाव्या शतकात तिला संस्थांचं रूप आलं. डच लोक त्याला ‘स्तंभ’ म्हणत: कॅथलिक, प्रॉटेस्टंट, समाजवादी असे शेजारी शेजारी उभे. कॅथलिक घरातलं मूल कॅथलिक शाळेत जायचं, कॅथलिक संघातून फुटबॉल खेळायचं; बाप कॅथलिक कामगार संघटनेत, घरी येणारं वर्तमानपत्र कॅथलिक, रेडिओवरचे कार्यक्रमही कॅथलिक संस्थेचे. शेळ्या पाळणाऱ्यांचीसुद्धा वेगळी कॅथलिक संघटना होती. लग्नाबद्दल तर म्हणच होती: एका उशीवर दोन धर्म निजले, की मधे सैतान झोपतो.

१९५४ मध्ये बिशपांनी पत्रक काढलं. समाजवादी कामगार संघटनेत गेलात तर साक्रामेंत, म्हणजे चर्चचे पवित्र संस्कार, मिळणार नाहीत. आपल्या वसईतल्या लोकांना या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको. समाजवाद्यांचा रेडिओ नेहमी ऐकणंही निषिद्ध ठरलं. भिंत तडकू लागली, म्हणूनच इतक्या घाईने लिंपायची वेळ आली, असं मला वाटतं.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हे सगळं ढासळलं. लोक देवाशी भांडून बाहेर पडले, असं आपण सहज समजतो. मला ते पटत नाही. म्हातारपणाचं पेन्शन १९५७ पासून सरकार देऊ लागलं, आणि १९६५ पासून गरिबाला मदत हा कायद्याने हक्क झाला. अडचणीत चर्चच्या दारात उभं राहण्याची गरज संपली. दूरचित्रवाणीची तर १९६४ पर्यंत एकच वाहिनी होती. सगळ्या स्तंभांचे कार्यक्रम तिच्यावरच, त्यामुळे कॅथलिक घरातही समाजवाद्यांचा कार्यक्रम दिसू लागला. १९६३ मध्ये बिशप बेकर्स यांनी त्याच पडद्यावर सांगितलं, की किती मुलं हवीत हे पतिपत्नीने आपल्या विवेकाला विचारून ठरवावं. ज्या घरांत दर वर्षी पाळणा हलत होता, तिथल्या बायकांना ते ऐकून काय वाटलं असेल! घराला घट्ट धरून ठेवणाऱ्या दोऱ्या अशा एकेक करून सुटल्या, आणि श्रद्धा उघड्यावर एकटी पडली.

२०२१ च्या सरकारी पाहणीत ५८ टक्के लोकांनी आपण कुठल्याच धर्माचे नाही असं सांगितलं. कॅथलिक १८ टक्के, प्रॉटेस्टंट १४, मुस्लिम ५. मास्ट्रिख्तमध्ये तेराव्या शतकातल्या डोमिनिकन चर्चमध्ये आज पुस्तकांचं दुकान आहे. मात्र देशाच्या नैऋत्येच्या झीलँडपासून ईशान्येकडे जाणाऱ्या पट्ट्यात, उर्क, स्टापहोर्स्टसारख्या गावांत, रविवार अजून कडकडीत पाळला जातो. तिथली काही कुटुंबं लस नाकारतात. १९९२-९३ मध्ये अशा लोकांमध्ये पोलिओची साथ आली, ७१ जणांना लागण झाली, दोघं दगावले. श्रद्धेचा आदर करणाऱ्या माणसालाही हा आकडा विसरता येत नाही.

स्तंभ गेले, पण त्यांनी मिळवलेला एक कायदा राहिला. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पक्षांच्या लढ्यातून १९१७ मध्ये धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकाच निधी देण्याची तरतूद राज्यघटनेत झाली. आता दुसरीकडची गोष्ट. १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या डच वसाहतीत गेलं. सुरीनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झालं, त्या सुमारास त्या मजुरांचे हजारो वंशज नेदरलँड्समध्ये आले. हेग शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांनी तिथे हिंदू प्राथमिक शाळा काढल्या. दिवाळी साजरी करणाऱ्या त्या शाळांमधल्या शिक्षकांचा पगार आज त्याच १९१७ च्या तरतुदीतून होतो.