पायाखालचं उत्तर

[दृश्य: पणजीतली संध्याकाळ. तव्यावर पावभाजी घोटली जातेय.]

निवेदन:
दरवर्षी 2 ऑक्टोबर उजाडला की गांधीजयंतीच्या शुभेच्छांबरोबर फोनवर आणखी एक विनोद फिरतो. पणजी, स्वामी चिन्मयानंदांचा सत्संग आणि पावभाजी. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. 2015 साली आलेल्या हिंदी 'दृश्यम'मधल्या विजय साळगावकरने हा दिवस साक्षीदारांच्या डोक्यात असा काही बसवला, की प्रेक्षकांच्या डोक्यातूनही तो अजून गेलेला नाही.

मूळ गोष्ट जीतू जोसेफ यांच्या 2013च्या मल्याळम सिनेमाची. निशिकांत कामतांनी ती गोव्यात आणली. चौथी नापास केबलवाला, त्याची बायको, दोन मुली. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही, त्यांनी इथेच थांबलेलं बरं. पुढे सगळं फोडणार आहोत.

[दृश्य: रात्र. घरामागचं परस. ओली माती.]

रहस्यपट म्हटला की खून कुणी केला, हा प्रश्न आलाच. इथे तो लवकरच निकालात निघतो. मेला कोण, कुणाच्या हातून, का, सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडतं. तिथून आपण त्या घरातलेच होतो. चौकशीत धाकट्या मुलीवर नजर रोखली जाते आणि घाम आपल्याला फुटतो.

शेवटी ती पोर मार खाऊन जागा सांगते. परस खणायला घेतात. प्रेत तिथेच आहे, हे आपल्याला पक्कं माहीत. एकेक फावडं माती बाहेर पडते...

[दोन सेकंद शांतता.]

आणि निघतं मेलेलं जनावर.

हुश्श होतं खरं. पण मागोमाग डोक्यात येतं, अरे, मग प्रेत गेलं कुठे? विजयने आपल्यालाही पत्ता लागू दिला नव्हता. स्वतःला त्याच्या आतल्या गोटातले समजणारे आपण, पोलिसांइतकेच गंडलो होतो. दुसऱ्याच दिवशीची पणजीची सहल 2 ऑक्टोबरची म्हणून साक्षीदारांच्या गळी उतरवायची, या तारखांच्या खेळाचं कौतुक सगळेच करतात. मला विचाराल तर खरी करामत ही आहे.

आता उकल. पुष्कळ सिनेमांत शेवटी कुणीतरी उभं राहून खुलासा करतं. हिचकॉकच्या 1960च्या 'सायको'तही मानसोपचारतज्ज्ञ येतो आणि बोलत राहतो, बोलत राहतो. चुळबूळ होते.

'दृश्यम'मध्ये उत्तर कुणीच उच्चारत नाही. विजय नव्या पोलीस ठाण्यातून बाहेर पडतो आणि जुनी रात्र क्षणभर दिसते: बांधकाम अर्धवट, हातात फावडं, एकटा माणूस. बस्स. जे शोधत होते, त्यांच्याच पायाखाली. हे बांधकाम गोष्टीत आधीपासून होतं. आपण पाहिलं होतं, बघितलं नव्हतं. ऐन वेळी कुठून तरी जुळा भाऊ आणून उभा केला असता, तर आपण तिकिटाचे पैसे मागितले असते.

[दृश्य: समुद्रकिनारा. रिकामी वाळू.]

एक बोच मात्र राहते. मेलेल्या मुलाचे आईवडील, बडी पोलीस अधिकारी मीरा देशमुख आणि तिचा नवरा, विजयला भेटतात तेव्हा पोलीस म्हणून येत नाहीत. मुलाचं काय झालं, एवढंच त्यांना हवं असतं. विजय अर्धंमुर्धं कबूल करतो. जागा सांगत नाही.

ती आपल्याला कळते. पडद्यावर पाट्या चढू लागतात, शेजारचा 'काय डोकं लावलंय!' म्हणत उठतो, आपणही हसत हसत चपला शोधतो.