डुलणाऱ्या विंडो आणि पडद्यामागचा कंपोझिटर

उपस्थित श्रोतेहो,

लिनक्सच्या डेस्कटॉपवरील दृश्यपरिणामांविषयी बोलायला उभे राहिले की समोर दोन प्रकारचे लोक दिसतात. एक, ज्यांनी २००६-०७ च्या सुमारास कोणाच्या तरी संगणकावर बाजूबाजूंवर वेगवेगळे डेस्कटॉप असलेला, गरगर फिरणारा घन पाहिला आणि त्या मोहापायी लिनक्स बसवले. आणि दुसरे, नवी प्रणाली बसवल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सगळी ॲनिमेशने बंद करून टाकणारे. मी दोन्ही गटांत राहून आलो आहे, त्यामुळे कोणावरही टीका करण्याचा मला अधिकार नाही. मात्र या दोघांचा एक समज सारखाच असतो, तो असा की दृश्यपरिणाम म्हणजे मूळ कामावर वरून चढवलेला मुलामा. तो काढला तरी खालचे काम जसेच्या तसे चालते. हा समज पुरता खरा नाही, आणि तो का खरा नाही हे समजून घेतल्याखेरीज कोणता परिणाम ठेवावा आणि कोणता काढावा याचा निर्णय नीट करता येत नाही.

लिनक्सवर वर्षानुवर्षे पडद्यावर विंडो दाखवण्याचे काम करणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमची सुरुवात १९८४ मध्ये एमआयटी या संस्थेत झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स११, १९८७ मध्ये आली. मेमरी महाग असण्याच्या त्या काळात पडद्याचे चित्र एकच असे आणि सर्व प्रोग्रॅम त्या एकाच चित्रावर आपापल्या वाट्याला आलेल्या चौकोनात रंगकाम करीत. एक विंडो दुसरीच्या खाली गेली की तिचा झाकलेला भाग सहसा कोठेही साठवलेला नसे. वरची विंडो बाजूला सरकली की सर्व्हर, म्हणजे पडदा सांभाळणारा एक्सचा मुख्य प्रोग्रॅम, खालच्या प्रोग्रॅमला निरोप धाडी की तुझा एवढा भाग उघडा पडला आहे, तो पुन्हा रंगव. तो प्रोग्रॅम दुसऱ्या कामात अडकलेला असला तर निरोप तसाच पडून राही आणि सरकवलेल्या विंडोचे ठसे, ओल्या रंगावरून हात फिरवल्यासारखे, पडद्यावर उमटत जात. जुन्या वापरकर्त्यांना हे दृश्य चांगले आठवत असेल. अशा व्यवस्थेत खरी पारदर्शकता शक्यच नव्हती, कारण ज्या चित्रातून आरपार पाहायचे ते मागचे चित्र अस्तित्वातच नसे. त्या काळातल्या 'पारदर्शक' टर्मिनलमधून मागच्या विंडोऐवजी नेहमी वॉलपेपरच दिसायचा, कारण टर्मिनल वॉलपेपरचा तेवढा तुकडा उचलून स्वतःच्या पाठीशी लावीत असे.

हे चित्र बदलले ते एक्सवर काम करणारे प्रोग्रॅमर कीथ पॅकर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे. सप्टेंबर २००४ मध्ये आलेल्या एक्स.ऑर्ग ६.८ या एक्सच्या आवृत्तीत 'कंपोझिट' नावाची जोडणी (एक्स्टेन्शन) होती. तिने केलेली गोष्ट सांगायला अगदी साधी आहे: प्रत्येक विंडोला पडद्याआड स्वतःचा स्वतंत्र कागद दिला. प्रोग्रॅम त्या कागदावर रंगवतो, आणि कंपोझिटर नावाचा वेगळा प्रोग्रॅम हे सगळे कागद योग्य क्रमाने एकावर एक ठेवून पडद्याचे अंतिम चित्र तयार करतो. कोणत्या कागदावर कुठे बदल झाला हे सांगण्याचे काम 'डॅमेज' नावाची दुसरी जोडणी करते, म्हणजे दर वेळी सारे नव्याने रंगवावे लागत नाही. याची किंमत मेमरीत मोजावी लागते. १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या पूर्ण पडद्यावर पसरलेल्या विंडोला, दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर, सुमारे ८३ लाख बाइट लागतात. ४के पडद्यावर हाच आकडा चौपट होतो, आणि आपण एकाच वेळी किती विंडो उघड्या ठेवतो हे ज्याचे त्याने आठवावे.

एकदा प्रत्येक विंडोचे चित्र सुटे झाले की ते वाकवता, ताणता, फिकट करता किंवा घनाच्या बाजूवर चिकटवता येते, आणि हे सारे ग्राफिक्स कार्ड फार वेगाने करते, कारण त्रिमितीय खेळांसाठी ते हेच काम आधीपासून करत आले आहे. पुढचा इतिहास मी भरभर सांगतो. २००६ च्या आरंभी नॉव्हेल कंपनीतील डेव्हिड रेव्हमन यांनी कम्पिझ हे असे परिणाम दाखवणारे कंपोझिटर लोकांपुढे आणले. ते चालवण्यासाठी त्यांचा एक्सजीएल नावाचा वेगळा सर्व्हर लागत असे. त्याच सुमारास फेडोरा या लिनक्स वितरणाच्या बाजूने एआयजीएलएक्स हा दुसरा मार्ग पुढे आला आणि मूळ सर्व्हरमध्येच बसवलेला असल्यामुळे अखेर तोच टिकला. मध्ये कम्पिझला बेरिल नावाची फांदी फुटली, म्हणजे त्याचाच वेगळा प्रकल्प निघाला, २००७ मध्ये ती पुन्हा मूळ प्रकल्पाला येऊन मिळाली, आणि ऑक्टोबर २००७ च्या उबुंटू ७.१० मध्ये, ग्राफिक्स कार्ड साथ देत असेल तर, हे परिणाम आपोआप चालू होऊ लागले.

डुलणाऱ्या विंडोंजवळ मात्र मला थोडे थांबायचे आहे, कारण सर्वाधिक चेष्टा त्यांचीच झाली आहे. कम्पिझमध्ये विंडोवर चार बाय चार अशा सोळा बिंदूंची अदृश्य जाळी कल्पिलेली असते. शेजारचे बिंदू एकमेकांना स्प्रिंगने बांधलेले असतात. तुम्ही माउसने विंडो जेथे पकडता त्याच्या जवळचा बिंदू हाताबरोबर येतो. बाकीचे स्प्रिंगच्या ओढीने, थोडे मागे रेंगाळत, मग थोडे पुढे जाऊन पुन्हा मागे येत, अखेर जागेवर स्थिरावतात. या बिंदूंच्या आधारे एक वक्र पृष्ठभाग काढला जातो आणि विंडोचे चित्र त्यावर पसरले जाते. सेटिंगमध्ये स्प्रिंगचा ताठरपणा आणि घर्षण असे दोन आकडे बदलता येतात. घर्षण फार कमी केले तर विंडो जेलीसारखी थरथरत राहते, ताठरपणा वाढवला तर डुलणे जवळजवळ दिसेनासे होते; पण विंडो हाताला वजनदार लागते, आणि मला स्वतःला हीच मधली अवस्था आवडते. शाळेत शिकलेले स्प्रिंगचे गणित बोटाखाली जाणवण्याची इतकी सोपी जागा दुसरी मला माहीत नाही.

कम्पिझच्या मूळ संहितेत (सोर्स कोडमध्ये) या स्प्रिंगच्या प्रतिकृतीचे श्रेय क्रिस्तियन ह्योग्सबर्ग यांना दिलेले आहे. याच गृहस्थांनी २००८ मध्ये एक्सला पर्याय म्हणून वेलँड सुरू केले, आणि वेलँडच्या रचनेत कंपोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर असतो. विंडोंची चित्रे जो एकत्र करतो त्याच्याचकडे माउस आणि कीबोर्डही सोपवावेत, मधला दलाल काढून टाकावा, असा तो विचार आहे. त्यामागे एक खरी अडचण होती. एक्सच्या व्यवस्थेत विंडो फिरवून किंवा लहान करून दाखवणारा कंपोझिटर वेगळा, आणि माउसची टिचकी नेमकी कोणत्या विंडोवर पडली हे ठरवणारा सर्व्हर वेगळा. सर्व्हरच्या लेखी विंडो अजून जुन्या जागी, सरळ चौकोनच असे. म्हणून डोळ्यांना एके ठिकाणी दिसणारे बटण हाताला दुसऱ्याच ठिकाणी लागण्याची शक्यता राही. डोळा आणि हात यांचा हा बेबनाव मिटवायचा तर दोन्ही कामे एकाकडेच देणे भाग होते.

आता प्रत्यक्ष वापराकडे येतो. परिणाम निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही हालचाल मला काही सांगते का? लहान केलेली विंडो टास्कबारमधील आपल्या चिन्हाकडे आकसत जाते तेव्हा ती कोठे गेली हे नजरेला कळते. ती जागच्या जागी अदृश्य झाली तर शोधावे लागते. सर्व उघड्या विंडो एकाच वेळी छोट्या करून पसरून दाखवणारा आढावा हा परिणामच आहे, आणि ग्नोम ३ या लिनक्सच्या डेस्कटॉपने २०११ मध्ये आपल्या कामाची सगळी रीतच त्याभोवती उभी केली. याउलट बंद होणाऱ्या विंडोला ज्वाळा लागतात तेव्हा ती बंद झाली एवढेच कळते, आणि ते मला आधीच ठाऊक असते, कारण ती मीच बंद केलेली असते.

घनाचा प्रश्न याहून अवघड आहे. आभासी डेस्कटॉप एकाशेजारी एक आहेत आणि शेवटच्या पुढे पुन्हा पहिला येतो, ही गोष्ट घन एका दृष्टिक्षेपात समजावतो, हे मान्य केले पाहिजे. कम्पिझमध्ये नवख्यांची एक ठरलेली फसगत होत असे. डेस्कटॉपांची आडवी संख्या दोनच ठेवलेली असली की घनाच्या जागी पातळ पत्रा उलटसुलट फिरताना दिसे, आणि आपले ग्राफिक्स कार्डच बिघडले असावे असे वाटे. मीही त्या पत्र्याकडे बराच वेळ पाहत बसलो होतो. संख्या चार केली की घन, सहा केली की षट्कोनी स्तंभ. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपने मध्यंतरी घन काढून टाकला होता, पण फेब्रुवारी २०२४ च्या सहाव्या आवृत्तीत तो परत आला.

ज्या परिणामांविषयी सर्वांत कमी बोलले जाते ते माझ्या मते सर्वांत मोलाचे आहेत. प्लाझ्मात मेटा कळ (बहुतेक कीबोर्डांवर विंडोजचे चिन्ह असलेली) आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबले की संपूर्ण पडदा मोठा होतो, आणि प्रोग्रॅमला त्याची खबरही नसते. रंग उलटे करणे, रंगांधत्व असलेल्यांसाठी रंगांत दुरुस्ती करणे, हरवलेला माउसचा बाण हलवताच मोठा करून दाखवणे, ही सगळी कामे कंपोझिटरच करतो. आणि याच कंपोझिटरच्या हालचालींनी काही माणसांना चक्कर येते, मळमळते. आतल्या कानाशी निगडित तोल सांभाळण्याचा विकार असलेल्यांसाठी सरकणारा, फिरणारा मोठा पडदा हा गमतीचा विषय राहत नाही. म्हणूनच ग्नोममध्ये हालचाल कमी करण्याची सोय सुलभतेच्या विभागात आहे, ती दिखाव्याच्या विभागात शोधू नये.

वेगाविषयी थोडे. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल तर एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंदांहून कमी वेळ मिळतो. सावली आणि फिकटपणा त्यात सहज बसतात. धूसरपणा महागडा आहे, कारण त्यात एक पिक्सेल ठरवण्यासाठी आजूबाजूचे अनेक पिक्सेल वाचावे लागतात. म्हणून मागचे चित्र आधी लहान करून पुन्हा मोठे करण्याची युक्ती वापरली जाते. संगणक जुना असेल तर पहिल्यांदा धूसरपणा बंद करावा, बाकीचे नंतर पाहावे. आभासी यंत्रात, म्हणजे दुसऱ्या प्रणालीच्या आत, लिनक्स चालवताना सगळेच जड वाटत असेल, तर प्रणालीच्या माहितीत ग्राफिक्सच्या नावापुढे एलएलव्हीएमपाइप (llvmpipe) असे लिहिले आहे का ते बघावे. तसे असल्यास ग्राफिक्स कार्डाचे काम मुख्य प्रोसेसरच करत असतो आणि परिणामांना दोष देण्यात अर्थ नसतो.

राहता राहिला सगळे बंद करण्याचा प्रश्न. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप वापरणाऱ्यांना विंडो मॅनेजरच्या सेटिंगमधील एका चौकटीतून कंपोझिटर बंद करता येतो, आणि एक्स११ वर प्लाझ्मा चालवणाऱ्यांना ऑल्ट, शिफ्ट आणि एफ१२ या कळा त्यासाठी ठेवल्या होत्या. वेलँडवर मात्र असे बटण असूच शकत नाही, कारण कंपोझिटर बंद केला तर पडद्यावर काही रंगवणाराच उरत नाही. तेथे प्लाझ्मात ॲनिमेशनच्या वेगाची पट्टी 'तत्काळ' या टोकाला नेता येते. विंडो मग न सरकता, न डुलता क्षणात उघडतात, आणि कंपोझिटर मागे पूर्वीइतकाच कामात असतो.