मुंगळ्याची ओळखपरेड

[दृश्य : बालाघाटच्या उतारावरचा बांध. बाभळीचा बुंधा.]

बाभळीच्या बुंध्याशी मुरमाड मातीत एक भोक आहे. भोवती उकरलेल्या मातीचा ओबडधोबड ढीग. उन्हं कलली की आतून काळे मुंगळे निघतात आणि खोडावर रांग धरतात. वरच्या कोवळ्या फांदीवर काही किडे चिकटून बसलेत. त्यांच्या पाठीला शिंगं असल्यामुळे ते बाभळीच्या काट्यांतच मिसळून जातात. हे ऑक्सिरॅकिस टॅरँडस. मुंगळा मिशांनी त्यांना थोपटतो, किड्याच्या मागून गोड रसाचा थेंब येतो आणि मुंगळा तो पिऊन टाकतो. तुरीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडला की तिथेही हाच कारभार.

हा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. इंग्रजीत या वंशाला कार्पेंटर अँट, म्हणजे सुतार मुंगी म्हणतात. आपल्याकडच्या या सुताराला मात्र सुतारकाम येत नाही. उत्तर अमेरिकेतली कॅम्पोनोटस पेन्सिल्व्हॅनिकस लाकूड पोखरून त्यात घर करते. लाकूड खात तीही नाही. आपला मुंगळा घर करतो मातीत, बहुतेकदा झाडाच्या मुळाशी. तेव्हा चौकटीखाली भुसा पडलेला दिसला आणि शेजारून मुंगळे जाताना दिसले, तर आळ मुंगळ्यावर घेऊ नका. आधी उधई लागलीय का ते पाहा, नाहीतर लाकडातला भुंगा शोधा.

[दृश्य : कागदावर लिहिलेलं नाव. कंसावर कॅमेरा स्थिर.]

नाव नीट वाचलं तर त्यात इतिहास सापडतो. पूर्ण नाव असं लिहितात : कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, मग कंसात फॅब्रिशियस, 1787. डॅनिश कीटकतज्ज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस यांनी 1787 मध्ये ही जात नोंदवली ती फॉर्मिका कॉम्प्रेसा म्हणून. पुढे 1861 मध्ये गुस्टाव मायर यांनी कॅम्पोनोटस हा वंश वेगळा काढला आणि नंतर ही जात त्यात गेली. नाव देणाऱ्याभोवतीचा कंस तेवढंच सांगतो : जात तीच, वंश बदलला. फॉर्मिका स्त्रीलिंगी, कॅम्पोनोटस पुल्लिंगी, म्हणून कॉम्प्रेसाचं कॉम्प्रेसस झालं. कंस विसरणं ही बारीक चूक वाटते, पण नमुन्याच्या चिठ्ठीवर ती चूकच.

आता ओळख. या वंशात हजाराहून जास्त जाती आहेत, त्यामुळे ‘मोठा आणि काळा’ एवढ्यावर भागत नाही. आधी वंश पक्का करायचा, मग जात. दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं तरी सुरुवात होते.

[दृश्य : मुंगळा बाजूने, खूप जवळून.]

बाजूने पाहा. वक्ष आणि उदर यांच्यामध्ये एकच देठ, उभ्या खवल्यासारखा. पाठीची रेघ सहसा मानेपासून मागपर्यंत सलग कमानीसारखी. उदराच्या टोकाला नांगी नाही. तिथे बारीक गोल छिद्र आणि त्याभोवती केसांची झालर. मुंगळा चावतो, मग पोट पुढे वाकवून त्या जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतो. आग होते ती त्याची.

आता समोरून चेहरा. वंशाची खरी खूण इथे आहे. तोंडाच्या वरची जी ढालीसारखी पट्टी असते, तिच्या मागच्या कडेपासून मिशांचे खळगे बरेच दूर असतात. कॅम्पोनोटस ज्या उपकुळात येतो, त्यातल्या इतर बऱ्याच मुंग्यांत ते कडेला जवळजवळ टेकलेले असतात. मिशीचे भाग मोजा : कामकऱ्याला आणि राणीला 12, नराला 13. शेवटची खूण मागच्या पायाच्या मुळाच्या वर. बहुतेक मुंग्यांना तिथे ग्रंथीचं छोटं छिद्र असतं, कॅम्पोनोटसच्या बहुतेक जातींत ते नसतंच. यासाठी मात्र भिंग पुरत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो.

घोळ कुणाशी होतो? डायाकॅमा या दुसऱ्या वंशातली मुंगीही काळी आणि मोठी, पण तिच्या अंगावर बोटाच्या ठशासारख्या रेघा असतात, देठावर दोन काटे असतात आणि ती नांगी मारते. पॉलिरॅकिस हा वंश कॅम्पोनोटसचा जवळचा नातेवाईक. त्यातल्या मुंगीला पाठीवर किंवा देठावर काटे, आणि उदराचा पहिला भाग एकटाच निम्म्याहून जास्त पोट व्यापतो.

खरी डोकेदुखी वंशाच्या आतली आहे. सेरिसियस ही जात 1798 मध्ये फॅब्रिशियस यांनीच नोंदवली. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ रेशमी. तिच्या उदरावर सोनेरी लव इतकी दाट असते की उन्हात पोट चमकतं, आणि पाठीची कमान मध्येच खाच पडून तुटते. चालही वेगळी : अन्न सापडलं की एक मुंगी दुसरीला मागे घेऊन जोडीने जाते. पॅरियस या आणखी एका जातीच्या पोटावरही राखाडी-सोनेरी लव असते, पण पाठ सलग. आपल्या कॉम्प्रेससचं अंग मात्र निस्तेज काळं, लव विरळ, पायांवर तांबूस झाक. पोटरी गोल की चपटी आणि तिच्या आतल्या कडेला राठ केसांची रांग आहे का, हे ओळख-तक्त्यात हमखास विचारतात. तेव्हा पाय तुटलेला नमुना निम्मा वाया गेला असं समजा.

[दृश्य : एकाच वारुळातले लहान, मधले, मोठे कामकरी एका ओळीत.]

हे तिघं एकाच घरातले आहेत. मोठ्याचं डोकं रुंद, मागच्या कडेला खोलगट, लहान्याचं लांबट. मिशीच्या पहिल्या दांड्याची लांबी भागिले डोक्याची रुंदी, गुणिले 100, असा निर्देशांक काढतात. लहान्यात तो जास्त येतो, मोठ्यात कमी. म्हणून एकाच लहान कामकऱ्यावरून जात ठरवायला जाल, तर एकाच वारुळाच्या दोन जाती कराल. रंगावरही विसंबू नका. कोषातून नुकताच निघालेला मुंगळा फिकट असतो.

एका वारुळातून दहा-बारा नमुने पुरेत : मोठे दोन, मधले चार, बाकी लहान. मोठे सहसा बाहेर येत नाहीत. भोकाशेजारी काडीने ठोकलं की धावून येतात. तोंडाने हवा ओढून किडे पकडायची नळी इथे वापरू नका, आम्लाचा वास घशात जातो. स्पिरिटमध्ये भिजवलेला चित्रकलेचा ब्रश मुंगळ्याला टेकवा, तो चिकटतो. लगेच बाटलीत सोडा. पिनेवर लावायचे नमुने 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. डीएनए काढायचा असेल तर 95 टक्के.

एक गोष्ट हमखास फसवते. अल्कोहोलमध्ये ओला असताना लव अंगाला चिकटून दिसेनाशी होते, आणि मग रेशमी सेरिसियसही साधीच काळी मुंगी वाटते. पोट फुगलेलं असलं तर उदराच्या पट्ट्यांमधला फिकट पडदा उघडा पडतो, तो रंगाचा पट्टा समजला जातो. नमुना पूर्ण वाळू द्या, मगच लव पाहा.

वाळला की कार्डाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा ठिपका घ्या आणि मुंगळा उजव्या बाजूने, मधल्या व मागच्या पायाच्या मुळाशी चिकटवा. डिंक जास्त झाला तर देठ झाकला जातो आणि सगळी मेहनत फुकट.

[दृश्य : पेन्सिलीने लिहिली जाणारी चिठ्ठी.]

बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये फुटते. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि घर कुठे होतं ते : ‘बाभळीच्या मुळाशी, मुरमाड माती’. हाती फक्त लहान कामकरी असतील, तर जातीच्या जागी काही लिहू नका. ‘कॅम्पोनोटस’ एवढंच लिहा आणि मोठा मुंगळा मिळवायला पुन्हा त्याच बाभळीशी जा.