पाच वाजता आलेले मजूर

नमस्कार श्रोतेहो.

म्हापशाला सकाळी कामाची वाट पाहत उभे असलेले मजूर तुम्ही पाहिले असतील. ठेकेदाराची गाडी येते, धडधाकट तेवढे निवडून घेऊन जाते. दहा वाजून गेले तरी एखादा म्हातारा गवंडी तसाच उभा असतो. पिशवीतून थापीची मूठ बाहेर आलेली, डबा अजून उघडलेला नाही. त्याला पाहिलं की मला बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला, विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, आठवतो.

मळ्याचा मालक पहाटेच मजूर ठरवतो, रोज एक दिनार. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर तोच एक दिनार पडतो. पहाटेचे कुरकुरतात, दिवसभराचं ऊन आम्ही सोसलं म्हणतात. खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही त्यांच्याच बाजूची होते. हा कुठला न्याय?

पण पहाटेच्यांचा ठरलेला पैसा कुठे बुडाला होता? तो पुरता मिळाला. बोचलं ते दुसऱ्याला मिळालेलं. आणि पाचला आलेल्याच्या घरची भूक काही तासाभराची नव्हती. ख्रिस्ती माणूस 'देवाची कृपा' म्हणतो ती ही. येशूचा प्रेषित पौल यानं इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं, तारण, म्हणजे पापातून सुटका, हे तुमच्या कर्माचं फळ नव्हे, देवाचं दान आहे. कृपेसाठी मूळ ग्रीक शब्द 'खारिस'. आपल्या गोव्यात कोकणी प्रार्थनेत घरोघरी म्हणतात, 'नमान मारिये, कुर्पेन भरलेले'. कुर्पा म्हणजे आपलीच कृपा.

तारण कर्मानं की कृपेनं, याच प्रश्नावरून सोळाव्या शतकात युरोपातलं ख्रिस्तमंडळ दुभंगलं. १९९९ साली आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन लुथरच्या पंथाचे प्रोटेस्टंट) प्रतिनिधींनी एका निवेदनावर सह्या केल्या: देव माणसाला स्वीकारतो तो त्याच्या पुण्याईवर नव्हे, कृपेनेच.

आपण नवस बोलणारी माणसं. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. त्या तेलाला मी नावं ठेवणार नाही. सौदा म्हणून वाहिलं की ती मजुरी झाली. मिळालेल्याची आठवण म्हणून वाहिलं तर तेच तेल कृतज्ञता होतं. कृपेनं सत्कर्म सुटत नाही, फक्त त्याचा हिशेब मागे पडतो.

या दाखल्यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. मालकाकडे कारभारी होता. मजुरी वाटायला त्यालाच सांगितलं. पण माणसं शोधायला मात्र मालक पाचही वेळा स्वतः गेला. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना फायद्यासाठी कुणी मजूर शोधायला निघत नाही.

"सारा दिवस इथं रिकामे का उभे?" त्यानं विचारलं.

"आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही."

"तुम्हीही मळ्यात जा."

मजुरीचा शब्दही निघाला नाही, आणि ते निघाले.