कॉसमॉस हवा की नको? असं विचारूच नका!

नमस्कार मंडळी! टेकडीवरच्या पिवळ्या कॉसमॉस फुलांचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच मागणी: "मॅडम, आक्रमक झाडांबद्दल (म्हणजे बाहेरून येऊन इथल्या झाडांची जागा बळकावणाऱ्या) लोकांचं मत घ्यायचंय, प्रोजेक्टला प्रश्नावली पाठवा." नाही पाठवणार. तुमची तुम्ही करा; सगळे कुठे घसरतात तेवढं सांगते.

नेहमीचं उरकून घेऊ. मोजके प्रश्न, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच उत्तरं, शिवाय 'माहीत नाही'ला जागा. झालं.

आता मेख. एका फॉर्ममधला पहिलाच प्रश्न: "जैवविविधतेला घातक अशी गिरिपुष्पाची झाडं काढावीत का?" (गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया, हेही बाहेरून आलेलं झाड.) अहो, 'घातक' तुम्हीच म्हणून मोकळे झालात, समोरचा नाही कशाला म्हणेल? "टेकडीवरची हिरवी झाडं तोडावीत का?" असं विचारा, तोच माणूस अंगावर येईल. झाड तेच!

म्हणून आधी नुसता फोटो दाखवा. "ओळखता? आवडतं?" उत्तर लिहून घ्या. मग माहिती द्या आणि पुन्हा विचारा. मत किती हललं, ते तिथे कळतं.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एका काकूंना कॉसमॉसचा फोटो दाखवला. "अगं, माझ्या कुंडीत आहे की!" हे मूळचं मेक्सिकोचं, इथल्या गवताची जागा बळकावतं, असं सांगितलं. त्यावर म्हणाल्या, "मग काढा बाई, पण औषध मारू नका, कुत्री फिरतात." घ्या! हे सहमत की असहमत? 'काढावं का' आणि 'कसं काढावं' हे दोन प्रश्न आहेत. उपटणं वेगळं, तणनाशक वेगळं, गाजर गवत खाऊन टाकायला त्यावर सोडतात ते मेक्सिकन भुंगे आणखी वेगळे.

आणि हो, "परदेशी म्हणून काढायचं तर मिरचीही काढा" लिहिणारे दादा! मिरची बाहेरचीच, पण ती टेकडी व्यापत नाही हो. तरी तुमची कमेंट कामाची आहे. प्रश्नात 'परदेशी' घातलंत की लोक परदेशाबद्दल मत देतात, झाडाबद्दल नाही. म्हणजे पुन्हा तेच, प्रश्नातच उत्तर!

बरं, फक्त गाजर गवतावर सर्व्हे उरकू नका. खाज आणि शिंका आणणाऱ्या गवताची बाजू कोण घेणार?

शेवटचं, विचारायचं कोणाला? पहाटे टेकडीवर भेटतात ते फिरायला आलेले. कोकणातला शेतकरी हेच गिरिपुष्प हिरवळीच्या खतासाठी बांधावर मुद्दाम लावतो. तो 'काढू नका' म्हणाला, तर नुसती टिकमार्क करून पुढे जाऊ नका, कारणही लिहून घ्या.