शेवटचा वार : स्वसंरक्षणाचा हक्क कुठे सुरू होतो, कुठे संपतो

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे ‘स्वसंरक्षणाच्या कायदेशीर मर्यादा’. हा विषय निघाला की पहिला प्रश्न सगळीकडे एकच येतो : रात्री चोर घरात शिरला आणि आपण त्याला मारलं, तर चालतं का? उत्तर देणार आहे, पण आधी प्रश्नच थोडा सरळ करून घेऊ. आपण विचारतो, किती मारलं तर चालतं. न्यायालय त्याआधी विचारतं, केव्हा मारलं. ज्या मिनिटाला वार झाला त्या मिनिटाला धोका उभा होता का, हे ठरल्याशिवाय वार किती मोठा होता याकडे न्यायाधीश वळतच नाहीत. माझा आग्रह आहे की हा कायदा घड्याळ समोर ठेवून वाचावा. म्हणून आज कलमांच्या आधी तुम्हाला बदायूंच्या भाजी मंडईत घेऊन जातो.

तारीख ७ जून १९७०, सकाळची वेळ. उत्तर प्रदेशातल्या बदायूं शहरात एक गृहस्थ खरबुजांची टोपली घ्यायला मंडईत गेले. मंडईचा ठेकेदार म्हणाला, ही टोपली दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवली आहे. शब्दाला शब्द लागला. इथं माझाच शब्द चालतो, असं ठेकेदाराने सुनावलं आणि गृहस्थ तणतणत घरी गेले. इथपर्यंतची गोष्ट आपल्या कुठल्याही मंडईत आठवड्यातून दोनदा घडत असेल. पण साधारण तासाभराने ते परत आले, आणि तीन मुलांना घेऊन आले. त्यांच्या हातात सुरा, एका मुलाकडे बंदूक, बाकी दोघांकडे लाठ्या. सकाळी तू काय बोललास, असा जाब शिवीगाळीसकट विचारला गेला. ठेकेदाराच्या माणसांनी लाठ्या उचलल्या आणि वडिलांना मारायला सुरुवात केली. ते पाहून मुलाने अगदी जवळून बंदूक झाडली. ठेकेदार जागीच गेला.

आता इथं थांबा आणि मनातल्या मनात निकाल द्या. वडिलांवर खरोखर लाठ्या पडत होत्या. अंगावर जखमाही होत्या. मुलाने डोळ्यांसमोर बाप मार खाताना पाहिला. ज्यांना मुलगा सुटावा असं वाटतं त्यांनी हात वर करावेत... बरेच आहेत. अलाहाबाद उच्च न्यायालयालाही तसंच वाटलं होतं, त्यांनी आरोपींना सोडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं : उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध रामस्वरूप, १९७४. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी. आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले हे न्यायमूर्ती पुढे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की हा हक्क बचावासाठी दिलेला आहे, सूड उगवण्यासाठी नाही. जो माणूस आधी प्रसंग स्वतःच रचतो आणि मग त्या प्रसंगाची ढाल करून हल्ला करतो, त्याला हा हक्क मिळत नाही. गोळी झाडणाऱ्या मुलाला जन्मठेप झाली.

या गोष्टीतला मुद्दा त्या एका तासात आहे. सकाळच्या बाचाबाचीत कुणी ठेकेदाराच्या हातून काठी हिसकून ढकललं असतं तर प्रकरण वेगळं झालं असतं. पण घरी जाऊन, हत्यारं काढून, माणसं जमवून परत येणं म्हणजे धोका स्वतःच्या पायांनी शोधत जाणं. आपल्याकडे शेताच्या बांधावरून होणाऱ्या भांडणांत नेमकं हेच वाक्य असतं : थांब तिथंच, आलोच मी. फिर्यादीत आणि साक्षीदारांच्या जबाबात हे वाक्य आलं की स्वसंरक्षणाचा बचाव तिथंच लंगडा पडतो. कोयता घेऊन परत आलेला माणूस, भले पहिला वार समोरच्याने केला असेल, उलटतपासणीत एका प्रश्नात अडकतो : तुम्ही घरून परत का आलात? शिवाय कायद्यातच लिहिलेलं आहे, की सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ होता तिथं हा हक्क नाही. त्या तासाभरात पोलीस चौकीत जाता आलं असतं.

म्हणजे कायदा भित्र्याचा आहे असं कृपा करून समजू नका. १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा तयार करणाऱ्या मेकॉलेच्या आयोगाची तक्रार उलट होती. इथले लोक अन्याय मुकाट्याने सोसतात, त्यांना प्रतिकाराला उत्तेजन द्यावं, म्हणून हा हक्क मुद्दाम मोकळा ठेवला, असं त्यांनी टिपणात नोंदवलं. जुन्या संहितेची कलमं ९६ ते १०६ आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली आहेत. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहेत. आकडे बदलले, मजकूर बहुतेक तोच राहिला. म्हणून जुने निकाल आजही तितकेच कामाचे आहेत.

तर घड्याळ सुरू कधी होतं? कलम ४० सांगतं, शरीराला धोका आहे अशी वाजवी भीती निर्माण होताच. वार अंगावर पडायची वाट पाहायची नाही. याचं माझं आवडतं उदाहरण आजच्या मध्य प्रदेशातल्या कटनीचं आहे, आणि ते नागपूरवरून दिल्लीला गेलेलं आहे. मार्च १९५०. कटनीत दंगल उसळली. जमावाने एका दुकानदाराच्या भावाचं लगतचं दुकान फोडून लुटलं आणि मग याच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. आत बायकामुलं. त्याने बंदुकीच्या दोन गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला, आणखी काही जखमी झाले. तेव्हा कटनीचं उच्च न्यायालय नागपूरला होतं, तिथं शिक्षा कायम झाली. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने दुकानदाराला, अमजद खानला, सोडलं. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस म्हणाले, अशा गोष्टी सोन्याच्या ताजव्यात तोलता येत नाहीत. दार मोडून जमाव आत येईपर्यंत थांबून, मग त्यांचा हेतू काय हे तपासायचं, अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही.

हाच सूर २०१० सालच्या दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात आहे. बापावर गंडाशाने, म्हणजे लांब दांड्याच्या धारदार पात्याने, हल्ला झाला, मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. उच्च न्यायालयाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. बदायूंचा मुलगा आणि हा मुलगा शेजारी शेजारी उभे करून पाहा. दोघांनी बापासाठीच गोळी झाडली. एकाने प्रसंग स्वतः उभा केला होता, दुसऱ्यावर तो येऊन आदळला होता.

आणि घड्याळ थांबतं कधी? भीतीचं कारण संपलं की. आपल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी १९६२ साली जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात हे फार स्वच्छ मांडलं आहे. आपल्या मालमत्तेवर कुणी बळजबरीने चालून आलं तर पळून जाऊन दाद मागत बसा असं कायदा म्हणत नाही, हा हक्क उदारपणे वाचला पाहिजे, हे त्यांनी आधी सांगितलं. मग त्याच निकालात म्हटलं, की धोका मोडून पडला, हल्लेखोर पळत सुटले, की हक्कही संपला. पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्यांना त्याचं संरक्षण मिळालं नाही.

म्हणून शेवटचा वार. प्रत्यक्ष खटल्यात बहुतेक वेळा पहिला वार माफ असतो, वाद शेवटच्या वारावर होतो. हल्लेखोराच्या हातातला कोयता हिसकला, पहिला फटका त्याच्या हातावर बसला, तो खाली पडला. इथपर्यंत तुमची बाजू भक्कम. तो पडल्यावर डोक्यात आणखी दोन घातले, तर तेवढे दोन तुमच्यावर. आणि हे लपत नाही. मयताच्या पाठीवर आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जखमा असतील तर तो पळत होता किंवा पालथा पडला होता असा अर्थ निघतो. त्याच्या तळहातावर आणि मनगट ते कोपर या भागाच्या बाहेरच्या बाजूला काप असतील तर तोच वार चुकवत होता असं डॉक्टर सांगतात. गोळीच्या जखमेभोवती काजळी असेल तर ती जवळून झाडलेली, नसेल तर अंतर मोजलं जातं. आणि वार चुकवतानाचे असेच काप तुमच्या हातावर असतील तर त्या तुमच्या बाजूने बोलतात, फक्त त्यांची वेळेत नोंद व्हायला हवी. त्याकडे येतो.

मर्यादा ओलांडली म्हणजे सरळ खून, असंही नाही. सूडाचा हेतू नसताना, प्रामाणिकपणे बचाव करताना गरजेपेक्षा जास्त झालं तर कलम १०१ च्या अपवादाने तो सदोष मनुष्यवध ठरतो. खुनाला जन्मठेप किंवा फाशी. इथं कलम १०५. हेतुपुरस्सर असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, नुसतं परिणामाचं ज्ञान असेल तर दहा वर्षांपर्यंत. आयुष्यातल्या दहा-बारा वर्षांचा फरक या अपवादावर असतो, म्हणून बचाव पूर्ण टिकला नाही तरी तो मांडायचाच असतो.

व्यवस्थापकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. पत्रिकेवरच्या मर्यादा आता भरभर घेतो.

जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो? कलम ३८ मध्ये सात प्रसंग आहेत : मृत्यूची भीती, जबर दुखापतीची भीती, बलात्काराच्या हेतूने हल्ला, अनैसर्गिक अत्याचाराच्या हेतूने हल्ला, पळवून नेण्यासाठी हल्ला, दाद मागताच येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठी हल्ला, आणि २०१३ मध्ये आलेला सातवा, ॲसिड फेकणं किंवा फेकण्याचा प्रयत्न. व्याख्येत हाड मोडणं, दात पडणं हीसुद्धा जबर दुखापत आहे. पण म्हणून ठोसा मारणाऱ्याला भोसकता येतं असं कुणी समजू नये. गरजेपेक्षा जास्त इजा नको, ही कलम ३७ ची अट सातही प्रसंगांवर बसलेली आहे. या सातांत न बसणाऱ्या हल्ल्यात मारून टाकण्याखेरीज गरजेपुरती इजा करता येते.

हल्लेखोर वेडसर, दारू प्यालेला किंवा लहान मूल असला तरी तुमचा हक्क तोच, कलम ३६. त्याच कलमातलं उदाहरण फार सुंदर आहे. स्वतःच्याच घरात रात्री कायदेशीरपणे शिरणाऱ्याला घरातल्याने चोर समजून मारलं. मारणाऱ्याचा गुन्हा नाही, पण शिरणाऱ्यालाही स्वतःचा बचाव करायचा हक्क आहे! शेवटच्या एसटीने येऊन गच्चीवरून उतरणाऱ्या भाचरांच्या घरी हे जरूर सांगा.

आता चोर. मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंतचा हक्क कलम ४१ मध्ये फक्त चार ठिकाणी आहे : जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवायच्या जागेला आगीने वा स्फोटकाने नुकसान, आणि जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल अशी चोरी, नुकसान किंवा गृह-अतिक्रमण. भरदुपारी उघड्या दारातून आत आलेला, हातात काही नसलेला, मोबाइल उचलून पळणारा मुलगा यांत बसत नाही. त्याला पकडा, अडवा, मोबाइल सोडवून घ्या. चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत पाठलागाचा हक्क चालू असतो. पण सापडल्यावर खांबाला बांधून चोपणं हा तुमचाच गुन्हा आहे, आणि जमावाने पाहता पाहता मारलं तर खुनाचा.

तारेत वीज सोडणं तर अजिबात नको. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य, निकाल १९६३ चा. शेजारचे लोक आपलं शौचालय वापरतात म्हणून एकाने वाटेत उघडी विजेची तार लावली, शेजारीण मेली, त्याला शिक्षा झाली. अतिक्रमण करणारा माणूस कायद्याबाहेर फेकला जात नाही आणि तार वाजवी भीती ओळखू शकत नाही. रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडणाऱ्या आपल्या शेतकरी बांधवांनी हे मनावर घ्यावं. रात्री पाणी द्यायला आलेला शेजारी त्या तारेवर गेला तर डुक्कर समजलो होतो हा बचाव चालत नाही.

घटना घडून गेल्यावर काय? ११२ ला फोन आधी तुमचा जावा. जागा सोडून पळू नका, पण मारेकरी जमाव असेल तर थेट पोलीस ठाण्यात जा. रक्ताचे कपडे धुऊ नका, हत्यार पुसू नका, सगळं पंचनाम्यात येऊ द्या. समोरच्याची फिर्याद झाली असली तरी तुमचीही लिहून द्या, तिची प्रत मोफत मिळते. अटक झाली तर कलम ५३ प्रमाणे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, वैद्यकीय तपासणी होते. डॉक्टरला प्रत्येक खरचटणं दाखवा, अहवालाची प्रत मागून घ्या. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाला देता आला नाही तर खटला डळमळतो. सिद्ध करण्याचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे तुमच्यावर आहे, पण सरकार पक्षाइतका कडक नाही, शक्यतेचं पारडं तुमच्याकडे झुकलं की पुरे. आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, काही दिवसांत जुनं चित्रण पुसून नवं लिहितो, म्हणून चित्रण जपून ठेवण्याचं लेखी पत्र सोसायटीला आणि पोलीस ठाण्याला त्याच दिवशी द्या, पोच घेऊन.