घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

[अंधारी खोली. घोरण्याचा आवाज.]

रात्रीचे 2 वाजलेत. घोरणं एका लयीत चालू आहे. मध्येच ते थांबतं. शेजारी जागं असलेल्याला वाटतं, सुटलो एकदाचे! पण जरा पोटाकडे बघा. पोट वरखाली होतंय, श्वास घ्यायची धडपड चाललीय, नाकातोंडातून हवा मात्र आत जात नाही. 10 सेकंद. 20 सेकंद. मग अंगाला हिसका, घशातून खर्रकन आवाज, आणि घोरणं पुन्हा सुरू.

हा स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांचेच सैलावतात. पण मानेत चरबी साठलेली असेल, खालचा जबडा मागे असेल किंवा टॉन्सिल्स मोठे असतील, तर आधीच अरुंद असलेली वाट पुरती मिटते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला काही क्षण जागं करतो आणि घसा मोकळा होतो. श्वासाचे असे अडथळे तासाला 30 किंवा त्याहून जास्त झाले, तर आजार तीव्र समजतात. म्हणजे दर दोन मिनिटांना एक! सकाळी यातलं काहीही आठवत नाही. डोकं जड असतं, गाडी चालवताना डुलकी येते, तरी हा माणूस ठासून सांगतो, “मला कुठला झोपेचा त्रास? पडल्या पडल्या झोप लागते.” पडल्या पडल्या लागते ती रात्रभर मोडलेल्या झोपेच्या थकव्यानेच.

नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवायचा उपाय ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये मांडला. आजचं सीपॅप यंत्र त्यावरच चालतं.

[छताकडे बघणारे डोळे.]

निद्रानाशाचं नेमकं उलट. इथे माणूस स्वतःच्या जागेपणाचा हिशेब ठेवत बसतो, आणि तो बऱ्याचदा फुगलेला निघतो; तपासणीत नोंदलेली झोप त्याच्या अंदाजापेक्षा जास्त असते. त्रास मात्र खराच. आठवड्यातून किमान 3 रात्री आणि 3 महिने असं चाललं, की दुखणं जुनाट झालं म्हणायचं. सुरुवात काळजीने, आजारपणाने किंवा दुःखाने होते. ते कारण सरतं, पण झोप भरून काढायला लागलेल्या सवयी उरतात: संध्याकाळपासूनच अंथरूण गाठणं, दुपारी ताणून देणं, सारखं घड्याळ बघणं. शेवटी पाठ टेकली की मेंदू उलट सावध होतो. म्हणून पहिला उपाय गोळीचा नाही, सवयी आणि विचार बदलणाऱ्या उपचारपद्धतीचा. त्यात अंथरुणातला वेळ चक्क कमी करतात. ऐकून रुग्ण वैतागतो, पण गुण येतो.

काहींची झोप पायांनी अडवलेली असते. आडवं झालं की पोटऱ्यांत अशी काही वळवळ सुरू होते की उठून चार पावलं टाकल्याशिवाय चैन पडत नाही. यामागे अनेकदा शरीरातलं लोह कमी असतं. गरोदरपणात आणि किडनीच्या आजारातही हे दिसतं. अशा वेळी आधी रक्त तपासायला हवं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते खरी, पण पायांची वळवळ आणखी वाढते.

रात्रपाळीवाल्यांच्या घशात, पायांत काहीच बिघाड नसतो. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं आणि कामाची वेळ त्याच्याविरुद्ध जाते, एवढंच.

[अंथरुणात हवेत उगारलेला हात.]

स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले पाडून ठेवतो. जाग आधी आली आणि ही पकड थोडी उशिरा सुटली, तर डोळे उघडे असूनही बोट हलत नाही. छातीवर कुणी बसल्याचा भास होतो तो हाच. घाबरवणारा, पण सहसा निरुपद्रवी. पकड बसलीच नाही, तर माणूस स्वप्नातली मारामारी अंथरुणात करू लागतो. ठोसे शेजारच्याला बसतात. हा त्रास काहींमध्ये पार्किन्सनच्या कित्येक वर्षं आधी दिसतो. म्हणून पन्नाशीनंतर कुणी झोपेत हातपाय झाडू लागलं, तर हसण्यावारी न नेता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. तोवर पलंगाजवळचं टोकदार टेबल तेवढं हलवून ठेवावं.